अण्णाची फियाट

आम्ही दोघं भाऊ. थोरला अण्णा पुण्याला गेला आणि मी रानात राहिलो. कुणी बसून तसं ठरवलं नव्हतं, १९७२ च्या दुष्काळानं ठरवलं. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या शेवटाकडं. कालवा असून पाणी नाही, ही आमच्याकडची जुनीच गोष्ट. त्या साली तर विहिरीत उतरून वाटीवाटीनं घागर भरायची वेळ आली. आई-आबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. अण्णा १९ वर्षांचा होता. एका पाव्हण्याच्या ओळखीनं तो पुण्याला गेला, औंधच्या आयटीआयमध्ये फिटर झाला आणि पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात एका कंपनीत चिकटला, तो ५८ वर्षं पुरी होऊन रिटायर होईस्तोवर. मी तेव्हा शाळेत. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली, त्या दहावीच्या पहिल्या बॅचचा, १९७५ चा मी. पास झालो. पण दोघंही गेले तर बैलामागं कोण, म्हणून माझी शाळा तिथंच थांबली.

अण्णाच्या पगारातून घरात पहिली मोठी वस्तू आली ती विहिरीवरचं इंजिन. पाच हॉर्सपॉवरचं किर्लोस्कर. बसवायला अण्णा स्वतः रजा काढून आला. फाउंडेशनचे बोल्ट आवळायचं काम त्यानं मला दिलं आणि शेजारी उभा राहिला. म्हणाला, "खांद्यानं आवळू नको, मनगटानं आवळ. बोल्ट तुटायच्या आधी मऊ लागतो. मऊ लागला की थांबायचं."

लोखंड कसं मऊ लागंल, असं मला त्या दिवशी वाटलं. पुढं दहा-वीस वर्षं ते इंजिन खोलता-जोडता कळत गेलं. पाना फिरवताना हाताला एक घट्टपणा जाणवत असतो आणि तो चढत जातो. मग एकाएकी चढायचा थांबतो. पाना फिरतोय, पण जोर वाढत नाही. ओल्या चिंधीला पीळ घालावा तसं लागतं. त्याच वेळी हात काढला तर बोल्ट वाचतो, जरा उशीर झाला की कट्. डोळ्याला यातलं काही दिसत नाही, हाताला कळतं. ज्याच्या हाताला कळतं तो फिटर, बाकीचे पानाफिरवे, असं अण्णा म्हणायचा. कंपनीत त्याच्या हाताखाली शिकाऊ पोरं असायची, त्यांनाही तो पहिल्या दिवशी हेच सांगायचा म्हणे.

फियाट त्यानं १९९८ साली घेतली, जुनी, १९८९ च्या पासिंगची. कागदावर नाव प्रीमियर पद्मिनी, पण आमच्याकडं लहानथोर सगळे तिला फियाटच म्हणायचे. ही गाडी आपल्या तालुक्याची लांबची नातलग लागते, हे अण्णानंच मला सांगितलं. कळंबच्या माळावर ज्या शेठ वालचंद हिराचंदांनी साखर कारखाना काढून वालचंदनगर वसवलं, त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. तिचा मोटारींचा कारखाना मुंबईला कुर्ल्यात. म्हणजे आमच्या भागातल्या ऊसवाल्यांनी तिला परकी मानायचं काही कारण नव्हतं.

आणखी एक गंमत होती. अण्णाचं घर धानोरीला, एका गुंठ्यात. कंपनीतल्या गाववाल्यांनी मिळून तिथल्या माळावर गुंठा-गुंठा घेतला तेव्हाचं. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. आणि फियाटचं इंजिनही बरोबर १०८९ सीसीचं. अण्णा म्हणायचा, "माझी सगळी इस्टेट हजार एकोणनव्वद." गावाकडची जमीन तो त्यात धरत नसे. त्याच्या वाटणीचं अडीच एकर आजही मीच करतो. त्यानं कधी खंड मागितला नाही, हिशेब विचारला नाही. दिवाळीला एक पोतं ज्वारी आणि एक पोतं गहू, तेवढं फियाटच्या डिकीत टाकून न्यायचा. आबांना शेवटच्या दुखण्यात पुण्याच्या दवाखान्यात आणलं तेही याच गाडीत, मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून. त्यामुळं मला त्या गाडीविषयी नुसत्या गाडीसारखं बोलता येत नाही.

चार वर्षांमागं अण्णाला कंपवात निघाला. पार्किन्सन. उजवा हात मांडीवर ठेवला की अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत राहायचे, तळहातावर तंबाखू मळावी तसे. अण्णानं जन्मात तंबाखू खाल्ली नाही, आणि आता दिवसभर मळत बसल्यासारखा दिसायला लागला. चाल आखूड झाली. अक्षर बारीक झालं. ओळ सुरू व्हायची चांगली आणि संपेपर्यंत मुंगीएवढी व्हायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, या दुखण्यात हात रिकामा असला की जास्त हलतो, कामाला लावला की कमी हलतो. पण काम हळू होतं, अंग आखडतं, वाकल्यावर तोल जातो. पुण्यात या दुखण्याच्या माणसांचं पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, वहिनी त्याला तिकडं न्यायची आणि तो जायचाही. गाडी चालवू नको म्हटलं की मात्र पेटायचा.

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. खाजगी गाडीला १५ वर्षं झाली की पुढं दर पाच वर्षांनी पासिंग नवं करून घ्यावं लागतं. अण्णाच्या गाडीचं २००४ ला झालं, मग ९, १४, १९ असं करत २४ साल आलं. फीसुद्धा ६०० ची ५००० झालेली. त्यातून गाडी फटफट आवाज करायला लागलेली. इंजिनातला जळका धूर जिथून बाहेर पडतो तिथं बिडाचा एक फाटे फुटलेला नळ हेडला बसवलेला असतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. तो आणि हेड यांच्यामधली गॅस्केट जळली होती. दोनशे-चारशे रुपयांची वस्तू. नट काढायचे, मॅनिफोल्ड ओढायचा, गॅस्केट बदलायची, परत आवळायचे. अण्णानं ते काम त्या गाडीवर याआधीही केलेलं होतं.

या वेळी सगळे नट निघाले आणि शेवटचा, पार मागच्या अंगाचा, स्टडसकट तुटला.

स्टड म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट. अर्धा हेडमध्ये आट्यांनी बसलेला, अर्धा बाहेर. बाहेरच्या अंगावर नट. पंचवीस-तीस वर्षं तापून-निवून नट आणि स्टड एकजीव झालेले. पाना लावला तर नटाबरोबर स्टडच पिळत गेला आणि हेडच्या तोंडापासून दोन सूत आत तुटला. म्हणजे पकडीनं धरायलाही काही उरलं नाही.

वहिनीचा फोन आला, "भावजी, दोन दिवस झालं जेवत न्हाईत. नुसतं त्या गाडीपाशी बसत्यात. तुम्ही या."

रोहिणी निघायला आठवडा होता. नांगरट झाली होती. उसाला पाणी देऊन ठेवलं, कारभारणीला सांगितलं आणि सकाळच्या एसटीनं स्वारगेट गाठलं. धानोरीला पोचेपर्यंत दुपार झाली. अण्णा पोर्चमध्ये स्टुलावर बसला होता. बॉनेट उघडं. हात मांडीवर, तंबाखू मळणं चालू. मी चपला काढल्या, पाणी प्यालो, तरी तो काही बोलला नाही. मग मीच वाकून बघितलं. बॅटरीच्या उजेडात ते भोक दिसलं, आणि आत तुटक्या लोखंडाचा चकचकीत तुकडा.

"गंजलाच हुता, अण्णा. कुणाच्या बी हातानं तुटला असता."

"तुटला आसता," तो म्हणाला. "पन मला कळलं आसतं. हाताला कळलंच न्हाय, गड्या."

माझ्याकडं यावर उत्तर नव्हतं. मी आत जाऊन वहिनीला म्हटलं, जेवायला वाढा दोघांना.

रात्री पुतण्या आला. तो खराडीला आयटीत आहे. पोरगा गुणाचा आहे, बापाला जपणारा आहे. त्यानं मला गच्चीवर नेऊन सांगितलं, "नाना, खरं बोलू का? तो बोल्ट तुटला ते बरं झालं. मागच्या महिन्यात अण्णा एकटे गाडी घेऊन विश्रांतवाडीपर्यंत गेले होते. सिग्नलला ब्रेकवर पाय वेळेवर गेला नाही. नशीब, पुढची रिक्षा थोडक्यात वाचली. आता गाडी बंदच आहे तर स्क्रॅपला देऊन टाकू. कुणी कुणाला नको म्हणायला नको." मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, त्याची बातमीही त्यानं मला मोबाईलवर दाखवली. जणू घरातल्या गाडीलाही आता जायला हरकत नाही.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी खाली येऊन अण्णाला आडपडदा न ठेवता सांगितलं, पोरगं असं म्हणतंय. अण्णा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दे म्हनावं भंगारात. पन नीट करून दे. माझ्या हातानं मोडलेली वस्तू मोडकी घराभाईर जायची न्हाय. तेवढं झालं की मी किल्ली सोडतो."

हे त्यानं पोरासमोर पुन्हा एकदा म्हणून दाखवलं. सौदा ठरला.

दुसऱ्या दिवशी जवळच्या एका गॅरेजवाल्याला आणून दाखवलं. तो म्हणाला, हेड उतरवा, आठ-दहा हजार होतील, आणि फियाटचं काम करणारा माझ्याकडं आता कुणी नाही. वेल्डर आला. तुटक्या स्टडवर नट ठेवून वेल्डिंगनं चिकटवायचा आणि नटाला पाना लावून स्टड बाहेर काढायचा, ही रीत चांगली आहे. फियाटचं हेड ॲल्युमिनियमचं, आमच्याकडं ज्याला जर्मन म्हणतात त्याचं. वेल्डिंगची काडी लोखंडाला धरते, जर्मनला धरत नाही, म्हणून अशा जागी ती रीत चालते. पण स्टड दोन सूत आत, जागा अडचणीची, वर पेट्रोलची नळी. वेल्डरनं मान हलवली आणि चहा पिऊन गेला. तिसऱ्यानं इझी आऊट सांगितलं. तुटक्या बोल्टात भोक पाडून त्यात उलट्या पिळाचा एक टोकदार खिळा ठोकायचा आणि उलटा फिरवायचा, तो रुतत जातो आणि बोल्ट बाहेर येतो. अण्णा हसला. आल्यापासून पहिल्यांदा. म्हणाला, "त्येचं नाव इझी आऊट हाय, पन लोकांचा तो इझी आत हुतो." तो खिळा फार कडक पोलादाचा असतो. गंजक्या बोल्टात आवळता आवळता तोच तुटला तर त्याला साधं ड्रिल लागत नाही. मग भोसरीला नेऊन ठिणग्यांनी जाळून काढायचा, त्याला स्पार्क इरोजन म्हणतात. त्यासाठी पुन्हा हेड उतरवायचंच.

मग आम्ही दोघांनी आमच्या रीतीनं सुरुवात केली. बॅटरीची वायर काढली, पेट्रोलची नळी सोडवून तोंड बांधलं, ओलं फडकं टाकलं. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तुटक्या स्टडवर तेल सोडलं आणि पंच ठेवून हलकी हलकी हातोडी मारली. जोरात नाही, दारावर टकटक करावी तशी. गंजाला तडे जातात आणि तेल खाली उतरतं. मग छोट्या गॅसच्या दिव्यानं हेडचा तेवढा भाग तापवायचा आणि मेणबत्ती टेकवायची. मेण पातळ होऊन आट्यांत शिरतं. अण्णानं सांगितलं, तापल्यावर जर्मन लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून भोक सैल होतं. मला ते लगेच समजलं. बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव चढवायचा तेव्हा काय करायचा? गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करायची, ती फुगायची, चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचं. धाव आवळून बसायची. इथं तेच, उलट्या अंगानं. अण्णा म्हणाला, "व्हय, तेच हाय. लोहाराला कुनी कोर्स दिला न्हवता."

स्टड काही हलला नाही. हलला असता तरी त्याला फिरवायचं कशानं? छिन्नीची अणी लावून कडेनं उलटं ठोकून बघितलं. नाही.

चौथ्या दिवशी सकाळी गोळी घेऊन झाल्यावर अण्णानं वही मागितली. तुटका स्टड मधोमध पोखरून काढायचा, एवढाच मार्ग राहिला होता. त्यात सगळा खेळ मध्याचा. आठ एमएमचा स्टड, बाजूला मऊ जर्मन. ड्रिल कडक लोखंडावरून घसरून मऊकडं पळतं, हा त्याचा धर्मच. एकदा का ते बाजूला गेलं की हेडमधले आटे गेले. कंपनीत हे काम मशीनवर बांधून करतात. पोर्चमध्ये, इंजिन आणि मडगार्डच्या पत्र्यामधल्या वीतभर जागेत, हातानं मध्य कसा साधायचा?

अण्णानं वहीत एक बुश काढला. बुश म्हणजे नळीचा तुकडा. त्याचं म्हणणं असं, की मॅनिफोल्ड परत जागेवर बसवायचा, बाकीच्या चांगल्या स्टडवर आवळायचा. मग मॅनिफोल्डचं रिकामं भोक आपोआप तुटक्या स्टडच्या बरोबर समोर येतं. त्या भोकात बेतशीर बसणारा बुश घालायचा, बुशच्या मधोमध चार एमएमचं भोक. त्या भोकातून ड्रिल घातलं की ते पळणार कुठं? पेरणीच्या पाभरीला नळा असतो, बी दुसरीकडं पडूच शकत नाही, तसं.

व्हर्निअर त्यानं मला धरायला लावला आणि वाचायलाही. माझ्या दहावीचा एवढा उपयोग पन्नास वर्षांत झाला नव्हता. मी आकडे सांगत गेलो, तो लिहीत गेला. चित्र काडेपेटीएवढं झालं आणि आकडे तर तिळाएवढे. मी म्हटलं, मी मोठं करून लिहू का? तो म्हणाला, "नको. वाचनारा वाचंल."

ते चिठोरं घेऊन मी भोसरीला गेलो. एमआयडीसीच्या कडेच्या गल्लीत एक लेथवाले होते, माझ्याच वयाचे. बनियनवर काम चाललं होतं. त्यांनी चिठोरं उजेडात धरलं, चष्मा कपाळावर सरकवला, डोळ्याजवळ नेलं आणि खूप वेळ बघत राहिले. मला वाटलं लागत नाही. मी सांगायला लागलो, तर ते म्हणाले, "कळलंय. हे कुणी काढलंय?"

"माझा थोरला भाऊ."

"टूलरूमला होते का?"

मी म्हटलं, होते, तुम्हाला कसं कळलं? त्यांनी तेलकट बोट एका ओळीवर ठेवलं. तिथं अण्णानं लिहिलं होतं, भोक व बाहेरचा व्यास एकाच सेटिंगला करणे. म्हणजे जॉब चकमधून एकदा काढून पुन्हा लावायचा नाही, नाहीतर मध्य सरकतो. ते म्हणाले, "माझ्याकडं कागद रोज येतात, कॉम्प्युटरवरचे येतात. हे वाक्य कुणी लिहीत नाही." दोन बुश करून दिले, एक चार एमएमच्या भोकाचा, एक साडेसहाच्या. दोनशे रुपये घेतले, एक रुपया कमी केला नाही.

तसाच गावात उतरलो. रविवार पेठेत बोहरी आळीत ड्रिल आणि आठ एमएमचा टॅपचा सेट घेतला. गॅस्केट नाना पेठेत मिळाली, तीही तिसऱ्या दुकानात, वरच्या फळीवरून धूळ झाडून काढलेली. अण्णानं बजावलं होतं, नट पितळी घे. लोखंडावर पितळ गंजून धरत नाही, पुढच्याला काढताना त्रास नको. पुढचा म्हणजे कोण, गाडी तर भंगारात जायची, असं मनात आलं, पण घेतले पितळीच. दुसऱ्या दिवशी बुधवार होता म्हणून जुन्या बाजारातही चक्कर मारली. बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत तो भरतो, पुण्यात आलो की मला तिथं गेल्याशिवाय करमत नाही. जमिनीवर फाटकं पोतं अंथरून पाने, पकडी, घड्याळं, कुणाच्या तरी घरातली सुटी पितळी कडी-कोयंडे. फियाटचा स्टडही होता. मी घेतला नाही. अण्णा जुना स्टड हातात घेऊन बघणार आणि माझ्याकडं बघणार, ते मला नको होतं.

लेथवाल्यांचं बोलणं मी अण्णाला सांगितलं. त्यानं "बरं" म्हटलं आणि बुश हातात घेऊन फिरवत बसला. नंतर वहिनीला हाक मारून सांगितलं, "आगं, भोसरीतल्या मानसानं वळीखलं."

ड्रिल मशीन त्या वीतभर जागेत मावत नव्हतं. इथं पुतण्या कामाला आला. त्यानं रात्री मोबाईलवर काहीतरी शोधलं आणि दुसऱ्या दिवशी दारात खोकं आलं. मशीनच्या तोंडाला लावायचा काटकोनी जोड. अण्णानं तो उलटसुलट बघितला आणि पोराला म्हणाला, "चांगलं हाय हे. आमच्या टायमाला न्हवतं." पोरगं खूश झालं. त्या दिवशी त्यानं घरूनच काम केलं, म्हणजे लॅपटॉप पोर्चच्या कट्ट्यावर आणि लक्ष आमच्याकडं.

भोक मी पाडलं. अण्णा मडगार्डला टेकून बाजूनं बघत होता. "खाली दाबतोयस. सरळ. आता बरोबर." ड्रिलला कागदी टेप चिकटवून खोली आखून घेतली होती, शेजारचा एक स्टड काढून त्याच्यावरून मोजलेली. थोडं पाडायचं, काढायचं, कीस झाडायचा, रॉकेलचे दोन थेंब सोडायचे. रेशनचं रॉकेल आता बघायला मिळत नाही, वहिनीनं कुठल्या तरी बाटलीत अर्धा पाव जपून ठेवलं होतं ते कामाला आलं. कीस काय रंगाचा येतो इकडं अण्णाची नजर. काळपट आला तर लोखंड, पांढरा चमकला की जर्मन, म्हणजे आपण रस्ता सोडला. शेवटपर्यंत काळाच आला. चारचं झालं, मग साडेसहाच्या बुशमधून साडेसहाचं. मॅनिफोल्ड परत काढला आणि बघितलं तर भोकाच्या आत स्टडची नुसती साल राहिलेली, चोहोबाजूंनी सारखी. कागदाएवढी. टोकदार सळईनं ती कडेनं आत दुमडली आणि नोजप्लासनं धरून ओढली. आट्यांची तार निघाली, स्प्रिंगसारखी वेटोळी. थोडी निघाली, तुटली, पुन्हा निघाली.

राहिलं टॅप मारायचं. म्हणजे हेडमधले आटे साफ करून घ्यायचे. टॅप तर इझी आऊटपेक्षा ठिसूळ. आत तुटला तर इथवरचं सगळं पाण्यात.

अण्णा म्हणाला, "टॅप मी मारनार."

पुतण्यानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. सकाळच्या गोळीला तास झाला होता, त्याचा तो बरा वेळ असतो. स्टूल मडगार्डला लावलं, त्याला कडेनं बसवलं, पाठीमागं मी उभा राहिलो. त्यानं टॅपला रॉकेल लावलं, हँडल दोन्ही हातांनी धरलं. धरेपर्यंत हात हलत होता. टॅप भोकाच्या तोंडाला टेकला आणि हात थांबला. मी खोटं सांगत नाही, पूर्ण थांबला नसेल, पण मला हललेला दिसला नाही. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. अर्धा पुढं, पाव मागं. प्रत्येक फेऱ्याला इतका वेळ, की मधे एक विमान लोहगावला उतरून गेलं. कपाळावर घाम आला तो वहिनीनं पदरानं टिपला.

दहा-बारा फेरे झाले असतील. एकाएकी तो थांबला. पुढंही नाही आणि मागंही नाही.

"काय झालं?" पोरानं विचारलं.

"मऊ लागतंय," अण्णा म्हणाला.

मला काही दिसलं नव्हतं. टॅप होता तसाच होता. त्यानं केसभर मागं घेतला, परत घेतला, मग हळूहळू फिरवत सगळा बाहेर काढला. टॅपच्या खाचेत स्टडच्या सालीचा एक बारीक तुकडा आडवा बसला होता. आणखी पाव फेरा पुढं गेला असता तर टॅप राहिला नसता. अण्णानं तो तुकडा नखानं काढून पोराच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "पुस ते भोक." पोरानं पुसलं, फुंकर मारली. पुन्हा टॅप लावला, तो तळापर्यंत गेला.

पुढचं सगळं सरळ झालं. नवा स्टड, नवी गॅस्केट, पितळी नट. मधल्यापासून बाहेरच्याकडं जात थोडे थोडे आवळायचे, एकदम नाही. ते अण्णानं पोराकडून करून घेतलं, आणि शेजारी उभा राहून जे सांगितलं ते मी १९७८ साली विहिरीवर ऐकलेलं होतं. चारच्या सुमाराला बॅटरी जोडली, स्टार्टर मारला. दोनदा नुसती घरघर, तिसऱ्यांदा लागली. फटफट गेली होती. इंजिनाच्या कडेला हात धरून बघितला, कुठं धुराची गरम फुंकर लागत नव्हती.

अण्णानं इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि पोराच्या पुढं धरली. पोरगं घेईना. "राहू द्या तुमच्याकडं," म्हणायला लागलं. अण्णा म्हणाला, "ठरलंय ते ठरलंय. चालवनार तू. मी शेजारी बसनार, आन् तू क्लच जाळलास तर बोलनार." पासिंग झालं, संगम पुलाजवळच्या आरटीओत कागदं पोरानंच फिरवली. स्क्रॅपला द्यायची का ठेवायची याचा निकाल अजून लागलेला नाही. परवा फोनवर वहिनी म्हणाल्या, रविवारी दोघं बापलेक आळंदीला जाऊन आले.

निघताना अण्णानं मला ग्रेफाईटच्या ग्रीसचा डबा दिला. म्हणाला, पाऊस लागायच्या आत विहिरीवरच्या मोटारीचे फ्लँजचे नट सैल करून हे लाव. घरी आलो आणि मिरगाच्या आदल्या दिवशी विहिरीवर गेलो. तीन नट निघाले. चौथ्याला पाना लावला, जोर चढत गेला आणि मग चढायचा थांबला. मी हात काढला, धावेवर बसलो आणि अण्णाला फोन लावला.

"फिरतोय का?" त्यानं विचारलं.

"फिरतोय. पन मऊ लागतोय."

"हात लावू नको. तेल सोड आन् उद्या सकाळी फोन कर. मी जागाच आसतो."